बाबांची होडी आणि माझी भिशी

भिशीचा नंबर लागला की बायकांच्या डोक्यात काय काय येतं, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. माझंही सगळं ठरलेलं होतं. पन्नास हजार हातात आले की स्वयंपाकघरातला ओटा नव्याने करून घ्यायचा, खाली ट्रॉल्या बसवायच्या आणि उरलेच चार पैसे तर लेकीला सायकल. मिस्त्री येऊन मापे घेऊन गेला होता. २०२३ च्या दिवाळीत भिशी लागली आणि ओट्याचे पैसे गेले ते एका मोडक्या होडीत!

"अगं, होडीत गेले काय म्हणतेस? पाण्यात गेले म्हण!" भिशीतली एक मैत्रीण म्हणाली आणि सगळ्याजणी खो खो हसल्या. मीही हसले. पण खरं सांगू? त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझं माहेर कर्ली खाडीच्या काठी, मालवण तालुक्यात. बाबा प्राथमिक शिक्षक. त्यांची शाळा पलीकडच्या तीरावर होती आणि आजोबांची मासेमारीची शिडाची होडी घरचीच होती. त्यामुळे गुरुजी शिडाच्या होडीतून शाळेत जात. अठरा फूट लांब, साडेचार फूट रुंद. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर नेत. शिडाचा दोर, म्हणजे दामण, माझ्या हातात आणि सुकाणू त्यांच्या. पुढे त्यांची बदली अलीकडे झाली, स्कूटर आली. तरीही रविवारी होडी पाण्यात जायचीच. २०२० मध्ये बाबांना जाग्यावरून उठवेना आणि होडी कायमची माडाखाली उपडी झाली. वर्षभरात बाबा गेले.

मी लग्न होऊन कुडाळला. घर, सासूबाई, लेक, आणि दुपारी एका शाळेत तासिका तत्त्वावर पाचवी ते सातवीला गणित-भूगोल. माहेरी जाणं गणपतीपुरतं. त्या वर्षी गणपतीत दादा म्हणाला, "परसात पर्यटकांसाठी दोन खोल्या काढतोय. ती होडी फोडून बंबाला घालतो."

दादाचं चुकत होतं असं नाही. खोल्यांवर त्याच्या मुलांचं शिक्षण होणार होतं आणि होडीवर नुसत्या कोंबड्या बसत होत्या. वहिनी काही बोलली नाही. आई तर आतच निघून गेली. बाबा गेल्यापासून ती खाडीच्या घाटावर फिरकलीच नव्हती. माझ्या तोंडून मात्र निघून गेलं, "फोडू नकोस. मला दे."

"तुला? कुडाळात कशात घालणार ती? बादलीत?"

आधी नाडी पाहावी

जुनी होडी घेणे आणि जुने घर घेणे यात फारसा फरक नाही. रंगाला भुलायचे नाही, ओल कुठे आहे ते पाहायचे. शेजारच्या वाडीतले होडीचे सुतार, सत्तरी उलटलेले, त्यांना मी बोलावून आणलं. त्यांच्या हातात दोनच वस्तू होत्या, एक आरी आणि एक हातोडी. हातोडीने फळीवर टकटक करायचं. चांगलं लाकूड टणक आवाज देतं, कुजलेलं भदभद बोलतं. जिथे शंका येईल तिथे आरी टोचायची. ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली की ती फळी गेली म्हणून समजावे.

तळाचा कणा, ज्याला आमच्याकडे पठाण म्हणतात, तो ऐनाचा. तो शाबूत होता. फळ्या फणसाच्या आणि काही आंब्याच्या. त्यातल्या मागच्या बाजूच्या दोन पार गेल्या होत्या. आतले वाकडे वांक, म्हणजे होडीच्या बरगड्याच म्हणा ना, त्यांतले तीन टोकाला कुजले होते. लोखंडी खिळे गंजून भोवतालचे लाकूड काळे पडले होते.

"ह्यां प्लास्टिक कोणी घातल्यान?" मेस्त्रींनी एकदम विचारलं.

मीच! बाबा होडीवर माडाची झापं घालत. मला ते गबाळं दिसे. बाबा गेल्यावर मी कुडाळहून निळी ताडपत्री आणून चारी बाजूंनी घट्ट बांधून घेतली होती. वाटलं, बाबांची होडी जपली! पण आतली दमट हवा आतच कोंडली, आणि वर एका फाटक्या जागेतून पावसाचं पाणी ठिबकत राहिलं. मेस्त्री म्हणाले, लाकूड खाऱ्या पाण्याने कुजत नाही तेवढं गोड्या पाण्याने कुजतं. पावसाचं पाणी आणि कोंडलेली हवा मिळाली की बुरशी धरलीच. झापं पाणी वरच्यावर घालवतात आणि वारा खेळू देतात. बाबांना ते ठाऊक होतं, बी. ए. झालेल्या लेकीला नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मेस्त्री माझ्याकडे पाहून म्हणाले, "रडतंस कित्याक? होडी मरूक नाय बाये, निजली हा."

फायबर की लाकूड?

आता घरात दोन पक्ष झाले. हे म्हणाले, "एवढा खर्च करायचाच तर वरून फायबरचा थर देऊन टाकू, लहानसं इंजिन बसवू. कटकट मिटेल." ह्यांचा स्वभाव तसा हिशेबी, आणि त्यांचं म्हणणं मला पटतही होतं.

मेस्त्रींनी मान हलवली. फळ्याफळ्यांची होडी पाण्यात फुगते, उन्हात आकसते, लाटेवर जराशी हलते. वरचा फायबर तिच्याबरोबर हलत नाही. मग तो तडकतो, पाणी आत शिरतं आणि आतल्या आत लाकूड कुजत राहतं. वरून सगळं छान दिसतं. म्हणजे ओल धरलेल्या भिंतीवर नवा रंग मारण्यातलाच प्रकार! नवी होडीच फायबरची घेतली तर गोष्ट वेगळी. जुन्या लाकडाला लाकूडच हवं.

तेव्हा दोन फळ्या फणसाच्या नव्या, तीन वांक उंडीच्या मुळातच वाकड्या फांद्यांचे. लाकूड सरळ कापून वाकडे केले तर त्याची शीर तुटते, वाकडेच वाढलेले मिळाले तर ताकद राहते. लोखंडी खिळ्यांच्या जागी तांब्याचे खिळे, आतून वाशर घालून टोक ठोकून बसवलेले. महाग पडतात, पण गंजत नाहीत. पूर्वी तर खिळेही नसत, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवत. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातल्या एका जहाजाचं चित्र आहे. त्यावरून नौदलाने काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' नावाचं शिडाचं जहाज बांधून घेतलं आणि २०२५ च्या मे महिन्यात ते कारवारला दाखलही करून घेतलं. आपण ज्याला जुनाट म्हणतो ते किती टिकाऊ असतं पाहा!

वाती वळायला बायकाच हव्यात

फळ्यांमधल्या फटी बुजवण्याला कलफात म्हणतात. यासाठी लागते कापूस, तेल आणि राळ. मेस्त्री म्हणाले, "कापसाची लांब वात होयी, करंगळीएवढी. वळूक माका येळ नाय."

वाती! मी आईकडे पाहिलं. ती पडवीत तांदूळ निवडत होती. काही न बोलता तिने सूप बाजूला ठेवलं आणि कापूस पुढ्यात ओढला. मग वहिनी आली, शेजारची काकू आली. दोन दुपारी आम्ही चौघींनी मिळून हातभर, दोन हात लांबीच्या वाती वळल्या. बाबा गेल्यानंतर त्या पडवीत एवढ्या गप्पा पहिल्यांदाच झाल्या असतील.

त्या वाती तेलात भिजवून बोथट पटाशीने आणि लाकडी हातोडीने फटीत बसवायच्या. मी उत्साहाने ठोकायला लागले तर मेस्त्रींनी हात धरला. फार घट्ट ठोकायचं नाही! लाकूड पाण्यात फुगणार आहे, त्याला जागा ठेवावी लागते, नाहीतर फळीच खिळ्यापासून सुटते. वरून राळ आणि तेल कढवून केलेला लगदा भरायचा. त्याची परीक्षा चिक्कीच्या पाकासारखी. थंड पाण्यात थेंब टाकायचा. कडकडीत होऊन तुटला तर तेल कमी, बोटाला चिकटला तर जास्त. दबला पण तुटला नाही तर बरोबर. मात्र हे काम घरात, गॅसवर कधीही करू नये. राळ-तेल चटकन पेट घेतं. आम्ही परसात, वाऱ्याच्या आड तीन दगडांची चूल मांडली आणि वाळूची बादली जवळ ठेवली.

तळाला तांबं असलेला लाल रंग दिला, म्हणजे कवच्या आणि लाकूड पोखरणारे किडे लवकर धरत नाहीत. आतून मात्र रंग नाही, नुसतं तेल. आतून लाकडाला श्वास घेऊ द्यावा.

शीड म्हणजे ब्लाऊजच

जुनं शीड सुती होतं. उंदरांनी आणि बुरशीने त्याची चाळण केलेली. नवं पॉलिएस्टरचं, शिडासाठीच विणलेलं कापड मुंबईहून मागवलं. ३६ इंची पन्ह्याचं १६ मीटर. शिवायला शिंपी धजेना. म्हटलं, ब्लाऊज शिवते, शीड का नाही?

पहिला पट्टा मी चादरीसारखा सरळ कापणार, तेवढ्यात वाडीतले एक जुने तांडेल आबा येऊन उभे राहिले. "शिडाक पोट होया," ते म्हणाले. सपाट शिडात वारा धरत नाही. कडा किंचित गोलाई देऊन कापल्या की मध्ये पोट येतं आणि होडी ओढते. ही गोलाई मला गणिताने काही जमली नसती. मग आपण जे करतो तेच केलं. जुना बसणारा ब्लाऊज उसवून त्यावरून नवा बेततो ना, तसं जुनं शीड उसवून अंगणात पसरलं, चार कोपऱ्यांवर नारळ ठेवले आणि त्यावरून कापलं.

आईच्या जुन्या शिलाई मशीनवर १८ नंबरची सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा घालून, प्रत्येक जोडावर शेजारी शेजारी दोन शिवणी मारल्या. सुती दोरा उन्हापाण्यात लवकर जातो. कोपरे चार पदरी केले, ते मशीनला झेपले नाहीत. तिथे मोच्याची सुई आणि मेणाचा दोरा. कडेने दोर शिवला. आठ दिवस बोटांची चाळण झाली होती. आठवी शिवण उलटी मारली ती उसवावी लागली, हेही सांगून टाकते!

नवं काय घातलं? काथ्याच्या दोरांऐवजी पॉलिएस्टरचे दोर, कारण ते कुजत नाहीत. जुन्या लोखंडी कड्यांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या. बाकांखाली तेलाचे रिकामे, घट्ट बुचाचे प्लॅस्टिकचे कॅन बांधले, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी तळाला जाणार नाही. आणि चार लाइफ जॅकेट. यात मी कुणाचं ऐकलं नाही. "आमी खंय घातलंव?" असं आबा म्हणाले. मी म्हटलं, "आबा, माझ्या होडीत बसायचं तर घालायचं." माझ्या होडीत! बोलून गेल्यावर माझं मलाच हसू आलं.

होडी बुडाली!

२०२४ च्या शिमग्यानंतर, पौर्णिमेच्या उधाणाला होडी पाण्यात घालायचं ठरलं. बंदर कार्यालयात नोंदणी-परवान्याची विचारपूस करून ठेवली होती. तुम्हीही असं काही करणार असाल तर ते आधी करा. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, वाडीतल्या दहा-बारा जणांनी हात लावला आणि होडी खाडीत उतरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तासाभरात होडी बाकापर्यंत पाण्याने भरली.

प्रत्येक फटीतून पाणी येत होतं. मी बादलीने उपसतेय आणि ते दुप्पट वेगाने येतंय. दादा घाटावर उभा होता. काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. ह्यांनी नजर दुसरीकडे वळवली. मला तर माझा ओटा, ट्रॉल्या, लेकीची सायकल, सगळं त्या पाण्यात तरंगताना दिसायला लागलं.

मेस्त्री मात्र बिडी पेटवून निवांत बसले होते. "पिऊंदे तिका पाणी. तीन वर्सां तानेली हा ती."

सुकलेल्या होडीचं असंच असतं. तीन वर्षं उन्हात आकसलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगायला दोन-तीन दिवस घेतात. रात्री भिजत घातलेले वाल सकाळी कसे पातेलंभर होतात, तसं. होडी तशीच, अर्धी बुडालेली, घाटाला बांधून ठेवली. दोन रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उपसून कोरडी केली. संध्याकाळी पाहिलं, तर तळाला जेमतेम पेलाभर पाणी. फटी मिटल्या होत्या! दादाने स्वतः उतरून तळावर हात फिरवला आणि एवढंच म्हणाला, "बाबांनी ओळखली असती."

जमाखर्च

हिशेब सांगितल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. मेस्त्रींची मजुरी २२ दिवसांची २६,४०० रुपये. लाकूड १४,०००. तांब्याचे खिळे-वाशर ६,५००. कापूस, राळ, तेल ३,८००. रंग ५,२००. शिडाचं कापड आणि दोरा ११,०००. दोर आणि कड्या ४,६००. लाइफ जॅकेट ६,०००. एकूण ७७,५००. त्यात भिशीचे ५०,०००, माझ्या तासिकांचे १२,०००, ह्यांनी न मागता दिलेले १०,००० आणि दादाने मेस्त्रींच्या हातात परस्पर ठेवलेले ५,५००. हे शेवटचे मला फार उशिरा कळले.

खर्च इथेच संपत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी होडी वर काढायची, तळ खरवडायचा, तेल द्यायचं. वर झापंच घालायची. ताडपत्री नाही!

लेकीला मी शाळेतल्या मुलींसारखीच गोष्ट सांगितली. २०१७ च्या सप्टेंबरात नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २०१८ च्या मे महिन्यात गोव्याला परतल्या. पुढे २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून दिलना आणि रूपा या दोघीच जगप्रदक्षिणा करून आल्या. ती ऐकून लेक म्हणाली, "मग आपण खाडी तरी ओलांडू ना, आई?"

आबांनी आम्हा दोघींना शिकवलं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवत होते. गालाला लागल्यावर ते खरे समजले. आणि भरतीसाठी बाबांची पाऊणकी! पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गावागावात थोडं मागेपुढे होतं, पण अंदाजाला पुरतं.

तिसऱ्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा आई घाटावर आली. हातात डबा. बाबांना द्यायची तसाच, फडक्यात बांधलेला. मी डबा घेतला आणि सहज म्हटलं, "आई, बसतेस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "छत्तीस वर्सां ह्या घाटार डबो घेवन उभी रवलंय. बस म्हणान कोणी इचारूक नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाबा वाईट नव्हते हो! आजही त्यांच्याबद्दल वावगा शब्द कुणी काढणार नाही. मला लहानपणापासून होडीत घेऊन जाणारा तो माणूस. पण आईलाही न्यावं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आणि मी? दामण हातात धरून ऐटीत बसणारी मी तरी तिला कधी विचारलं होतं? मी तर हे सगळं बाबांची आठवण म्हणून करत होते.

आईने पदर खोचला, लेकीने तिला जॅकेट चढवलं आणि ती पुढच्या बाकावर बसली. खाडीच्या मध्यावर शिडात वारा भरला, होडी जराशी कलली. मला वाटलं, घाबरेल. तिने एक हात पाण्यात सोडला आणि मागे वळून आपल्या घराकडे बघत म्हणाली, "आमचा घर हंयसून असां दिसता होय!"

ओटा अजून तसाच आहे. एका कोपऱ्यातली फरशी हलते, तिच्याखाली मी पुठ्ठा सरकवलाय. पुढची भिशी लागेपर्यंत तो पुठ्ठा टिकला म्हणजे झालं. पण आता दर शनिवारी रात्री फोन वाजतो. पलीकडून आई विचारते, "उद्या दशमी ना गो? भरती कितीक?" आणि माझी लेक, जिला पाढे म्हणजे शिक्षा वाटायची, ती स्वयंपाकघरातून ओरडून सांगते, "दहा पाऊण साडेसात, आजी! साताला घाटावर ये!"